ज्यूंची हद्दपारी: याद्या, किल्ल्या आणि रेल्वेचे भाडे

नाझी राजवटीतल्या सगळ्याच छावण्यांना मराठीत सरसकट ‘छळछावणी’ म्हटले जाते आणि समजुतीचा पहिला घोळ तिथेच होतो. दाखाऊची छावणी मार्च १९३३ मध्ये उघडली, ती मुख्यतः राजकीय विरोधकांना डांबण्यासाठी. व्यापलेल्या पोलंडमधली बेल्झेत्स, सोबिबोर आणि त्रेब्लिंका ही १९४२ मधली ठिकाणे मात्र कैदी ठेवण्यासाठी उभारलेलीच नव्हती. तिथे गाडीतून उतरलेली बहुतेक माणसे काही तासांत विषारी धुराने मारली जात. ऑशविट्झमध्ये दोन्ही चाले, गुलामीचे श्रम आणि संहार. आणि हद्दपार केलेले हजारो लोक यांतल्या कुठल्याच ठिकाणी पोचले नाहीत. नोव्हेंबर १९४१ मध्ये बर्लिन, म्युनिक, फ्रँकफुर्ट, व्हिएन्ना आणि ब्रेस्लाऊ इथून निघालेल्या पाच गाड्या लिथुएनियातल्या कौनासला गेल्या. त्यांतले जवळपास ४,९०० जण २५ आणि २९ नोव्हेंबरला शहराबाहेरच्या नवव्या किल्ल्यापाशी गोळ्या घालून मारण्यात आले. बर्लिनमधल्या वान्झे इथली नाझी अधिकाऱ्यांची प्रसिद्ध बैठक २० जानेवारी १९४२ ची. त्या बैठकीत संहार ‘ठरला’ असे अजूनही छापले जाते, पण तारखा जुळत नाहीत. तिथे जमलेल्या पंधरा जणांनी चालू असलेल्या कामाची खात्यांमध्ये वाटणी केली.

त्याआधीचे धोरण ज्यूंना देशाबाहेर हुसकण्याचे होते. ऑक्टोबर १९३८ च्या अखेरीस पोलंडचे नागरिकत्व असलेल्या सुमारे १७,००० ज्यूंना जर्मनीने गाड्यांत भरून सरहद्दीवर सोडले. दोन आठवड्यांत, ज्यूंविरुद्धच्या नोव्हेंबरमधल्या दंगलींनंतर, सुमारे ३०,००० ज्यू पुरुष दाखाऊ, बूखेनवाल्ड आणि साक्सेनहाउसेन इथे डांबले गेले. देश सोडून जाण्याची तयारी दाखवणाऱ्यांना पुढे सोडलेही. २२ ऑक्टोबर १९४० ला बाडेन आणि सार-पफाल्झ भागातल्या सुमारे ६,५०० ज्यूंना थेट दक्षिण फ्रान्समधल्या गुर्सच्या छावणीत नेऊन टाकले. फ्रेंच सरकारला आधी कळवण्याचीही तसदी घेतली नव्हती. खरा बदल १९४१ च्या शरद ऋतूत झाला. १९ सप्टेंबरपासून सहा वर्षांवरील प्रत्येक ज्यूला पिवळा तारा सक्तीचा झाला, १५ ऑक्टोबरला व्हिएन्नाहून पोलंडमधल्या वूच शहराच्या घेट्टोकडे, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीकडे, पहिली गाडी सुटली, आणि त्याच महिन्यात परदेशी जाण्याची वाट कायमची बंद झाली.

प्रत्यक्ष काम कसे चाले, ते बर्लिनच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. नावे कुणाची, हे गेस्टापो, म्हणजे नाझींचे गुप्त पोलीस, ठरवी. पत्ते आणि कार्डे पुरवावी लागत ती ज्यूंच्याच संघटनेला, जिचे सभासदत्व १९३९ पासून सक्तीचे होते. नाव आलेल्याच्या हाती सोळा पानी मालमत्ता-पत्रक पडे. बँकेतली शिल्लक, विमा आणि फर्निचर इथपासून चादरी, सदरे, मोजे किती, इथपर्यंत त्यात लिहायचे. मग घराला कुलूप, आणि किल्ली पोलिसांकडे जमा. जमा होण्याचे पहिले ठिकाण म्हणजे मोआबिट भागातले लेव्हेट्झोव रस्त्यावरचे सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनास्थळ. तिथे न्यायालयाचा बेलिफ येऊन मालमत्ता जप्त झाल्याचा कागद रीतसर हातात देई. बरोबर न्यायला ५० किलो सामान आणि ५० मार्क. घर रिकामे झाले की पत्रक वित्त खात्याकडे जाई. फर्निचरचा लिलाव होई, आणि थकलेले भाडे किंवा गॅस-विजेचे बिल या जप्त मालातून चुकते व्हावे म्हणून घरमालक आणि कंपन्या त्या खात्याकडे अर्ज करत. या कारकुनी साखळीत माणूस मारणारा एकही हात नव्हता. म्हणूनच ती इतकी सुरळीत चालली, असे आमचे मत आहे.

कायद्याची एक फट नाझींनी मोठ्या हुशारीने वापरली. नागरिकत्वाच्या कायद्याखालच्या २५ नोव्हेंबर १९४१ च्या अकराव्या वटहुकमानुसार परदेशी वास्तव्य असलेल्या ज्यूचे नागरिकत्व आपोआप जाई आणि मालमत्ता सरकारजमा होई. सरकारनेच जबरदस्तीने सरहद्दीपार नेले, तरी ते ‘परदेशी वास्तव्य’च. पण वूच आणि ऑशविट्झ जर्मनीला जोडून घेतलेले होते, म्हणजे कागदोपत्री देशातच. तिथे जाणाऱ्यांसाठी ‘राष्ट्राचे शत्रू’ ठरवून जप्ती करण्याची जुनी तरतूद वापरली गेली. वृद्धांना चेक प्रदेशातल्या तेरेझिनश्टाटला पाठवताना तर त्यांच्याशी ‘घरखरेदी करार’ केले. आजन्म निवास, जेवण आणि औषधोपचार देऊ असे सांगून बचत काढून घेतली आणि प्रत्यक्षात गर्दीने ओसंडणाऱ्या घेट्टोत टाकले.

१८ ऑक्टोबर १९४१ ला बर्लिनच्या ग्रुनेवाल्ड स्थानकातून पहिली गाडी हजाराहून अधिक लोकांना घेऊन वूचकडे गेली. आधी त्यांना सिनेगॉगपासून स्थानकापर्यंत शहरातून पायी नेले होते. ‘गुरांच्या डब्यांतून नेले’ हे वर्णन पुढच्या काळाला आणि पूर्वेकडच्या गाड्यांना लागू पडते. जर्मनीतून सुरुवातीला तिसऱ्या वर्गाचे साधे प्रवासी डबे वापरले जात. हिशेबाचा एकक एक हजार माणसे, आणि पहाऱ्याला एक अधिकारी व बारा पोलीस. फ्रान्समधून २७ मार्च १९४२ ला निघालेली १,११२ पुरुषांची पहिली गाडीही प्रवासी डब्यांचीच होती. वाघिणी, म्हणजे मालगाडीचे बंद डबे, नंतर आल्या. त्यांत माणसे अधिक मावत आणि पहाऱ्याला कमी पोलीस पुरत.

आखणी बर्लिनमध्ये होई. हद्दपारीचे काम सांभाळणाऱ्या आडोल्फ आइखमानच्या ‘चार-ब-चार’ या पोलीस शाखेत फ्रान्झ नोव्हाक हा अधिकारी गाड्यांचे काम पाही. तो परिवहन मंत्रालयाकडे मागणी नोंदवी आणि राइशबानचे, म्हणजे जर्मन रेल्वेचे, अधिकारी ती वेळापत्रकात बसवत. अशा गाड्यांना ‘विशेष गाडी’ म्हणत. जर्मनीतून निघणाऱ्या गाडीच्या क्रमांकाआधी ‘दा’ ही अक्षरे असत, आणि माणसे उतरवून रिकाम्या परतणाऱ्या डब्यांना वेगळी खूण. तेच डबे पुढच्या फेरीला लागत. वेळापत्रकाचे हे कागद फक्त खात्यापुरते होते, पण गुप्त नव्हते. लहान स्थानकांच्या मास्तरांपर्यंत ते पोचत.

रेल्वे भाडेही घेई. तिसऱ्या वर्गाचा दर माणशी किलोमीटरला ४ फेनिग (१०० फेनिगचा एक मार्क), दहा वर्षांखालच्या मुलांना निम्मा, चार वर्षांखालच्यांना माफ. ४०० पेक्षा अधिक माणसे असली की सहलीच्या गटासारखी निम्मी सवलत. म्हणजे ५०० किलोमीटरच्या प्रवासाला प्रौढामागे १० मार्क, तेही एकाच बाजूचे. परतीचे तिकीट फक्त पहारेकऱ्यांना. जर्मन ज्यूंच्या बाबतीत हा पैसा त्यांच्याच खिशातून येई: निघण्याआधी हातातल्या रकमेचा किमान चौथा हिस्सा संघटनेच्या एका विशेष खात्यात भरायला लावत.

यंत्रणा अडखळली ती बहुधा डब्यांच्या आणि रुळांच्या कारणांनी. सैन्याच्या गाड्यांना वाट देण्यासाठी या गाड्या तासन्‌तास साइडिंगला उभ्या ठेवत. पाणी नसे, आणि उन्हाळ्यात माणसे तहानेनेच मरत. २८ जुलै १९४२ ला परिवहन मंत्रालयाचे सचिव आल्बर्ट गान्झेनम्युलर यांनी नाझी पोलीस दलांचा प्रमुख हिमलर याच्या कार्यालयाला कळवले की २२ जुलैपासून वॉर्सा ते त्रेब्लिंका रोज ५,००० ज्यूंची एक गाडी धावते आहे. पण त्रेब्लिंकाच्या आतल्या फलाटावर एका वेळी साधारण वीसच वाघिणी मावत. उरलेल्या गावच्या स्थानकावर उभ्या राहत. ऑगस्टअखेर प्रेते आणि थांबलेल्या गाड्या इतक्या साचल्या की छावणीचा प्रमुख बदलावा लागला. सप्टेंबरमध्ये गालिसियातल्या (आजच्या पश्चिम युक्रेनमधल्या) कोलोमियाहून बेल्झेत्सला गेलेल्या एका गाडीत ५० वाघिणींत ८,२०५ माणसे होती. फळ्या उचकटून लोक उड्या मारत होते, इंजिन चढावर दमत होते आणि पहारेकऱ्यांच्या गोळ्या संपल्या. पोचेपर्यंत सुमारे २,००० जण मेलेले होते. हे आकडे पहाऱ्यावरच्या पोलीस अधिकाऱ्याच्या अहवालातले. तक्रार होती ती पहारा अपुरा असल्याची. डिसेंबर १९४२ च्या मध्यापासून महिनाभर नाताळच्या सुट्टीवर निघालेल्या सैनिकांसाठी विशेष गाड्या बंद राहिल्या. मग जानेवारीत हिमलरने गान्झेनम्युलरला आणखी गाड्या मागणारे पत्र लिहिले.

जर्मनीबाहेर स्थानिक पोलिसांशिवाय हे जमणारे नव्हते. पॅरिसमध्ये १६ आणि १७ जुलै १९४२ ला फ्रेंच पोलिसांनी सुमारे १३,००० ज्यू धरले, त्यांत ४,००० हून अधिक मुले. नेदरलँड्समध्ये वेस्टरबोर्क छावणीतून बराच काळ दर मंगळवारी गाडी सुटे. जुलै १९४२ ते सप्टेंबर १९४४ या काळात अशा ९० हून अधिक गाड्यांतून एक लाखाच्या वर लोक गेले आणि सुमारे ५,००० परतले. नॉर्वेत तर रेल्वेऐवजी जहाज: २६ नोव्हेंबर १९४२ ला ‘दोनाऊ’ ५३२ ज्यूंना घेऊन ओस्लोहून निघाले. सर्वाधिक वेग हंगेरीत दिसला. १५ मे ते ९ जुलै १९४४ या आठ आठवड्यांत सुमारे ४,३७,००० ज्यू गाड्यांत भरले गेले, बहुतेक सगळे ऑशविट्झला. वाघिणीत ७०-८० माणसे, गाडीत ३,००० च्या आसपास. हंगेरीचे जांदार्म, म्हणजे ग्रामीण भागातले सशस्त्र पोलीस, त्यांना कॉशा या सरहद्दीकडच्या शहरापर्यंत नेत आणि तिथे जर्मन पहारा ताबा घेई. ऑशविट्झमधल्या बिर्केनाऊ या संहाराच्या भागात थेट आत जाणारे रूळही याच घाईसाठी मे महिन्यात तयार झाले.

स्थानिक लोकांनी साथ दिली नाही तिथे काय झाले, हे डेन्मार्कमध्ये दिसते. ऑक्टोबर १९४३ मध्ये तिथल्या मच्छीमारांनी आणि इतरांनी सात हजारांवर ज्यूंना होड्यांतून स्वीडनला पोचवले. पकडले गेले सुमारे ४७०. धावती गाडी थांबवण्याचे धाडस मात्र विरळाच. १९ एप्रिल १९४३ ला बेल्जियममधल्या मेखेलेनहून १,६३१ जणांना घेऊन निघालेली विसावी गाडी तीन तरुणांनी एक पिस्तूल आणि लाल कागद लावलेला कंदील यांवर थांबवली. त्यांनी एक वाघीण उघडली. पुढच्या वाटेवर इतर वाघिणींतल्यांनी स्वतः उड्या टाकल्या आणि सुटण्याचा प्रयत्न करणाऱ्यांची संख्या दोनशेच्या वर गेली.

युद्धानंतर रेल्वेच्या अधिकाऱ्यांना फारशी झळ लागली नाही. गान्झेनम्युलर अर्जेंटिनाला गेले आणि १९५५ मध्ये परत येऊन जर्मनीतल्या एका पोलाद कंपनीत वाहतुकीचे काम पाहू लागले. १९७३ मध्ये ड्युसेलडॉर्फच्या न्यायालयात त्यांच्यावर खटला उभा राहिला, पण थोड्याच दिवसांत त्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि सुनावणी थांबली. ती पुन्हा सुरू झाली नाही. १९९६ मध्ये ते वारले.