अंगण खरंच वाकडं असतं तेव्हा

मागच्या पावसाळ्यात घणसोलीतल्या एका बँकेत, पासबुक छापायच्या यंत्रापुढे आमच्या शेजारच्या आजी उभ्या होत्या. पासबुक आत सरकवलं की यंत्र ते परत बाहेर ढकलायचं. पडद्यावर इंग्रजीत एक ओळ यायची. तिसऱ्या खेपेला आजी म्हणाल्या, "मेलं मला काही जमतच नाही." वॉचमनने पासबुक फिरवून घातलं आणि नोंदी छापून आल्या. पुढच्या महिन्यात गेलो तर त्याने यंत्रावर कागद चिकटवला होता. पेनाने काढलेला जाड बाण आणि खाली 'काळ्या रेघा या बाजूला'.

वापरकर्ता-केंद्री डिझाइन या जड नावामागे एवढीच गोष्ट आहे. वापरणारा कुठे अडतो ते आधी बघायचं आणि वस्तू त्याप्रमाणे बदलायची. आपल्याकडे मात्र 'नाचता येईना अंगण वाकडे' म्हणून दोष नाचणाऱ्याच्या पदरात टाकायची सवय फार जुनी. अंगण खरंच वाकडं असू शकतं, हे मान्य व्हायला एक महायुद्ध लागलं.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बी-17 बॉम्बर विमानं धडधाकट उतरायची आणि धावपट्टीवरच पोटावर बसायची. ठपका वैमानिकावर. अल्फोन्स चापानिस या मानसशास्त्रज्ञाने कॉकपिट पाहिलं, तर चाकं आत घेण्याचा आणि पंखांचे फ्लॅप, म्हणजे मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या, हलवण्याचा खटका शेजारी शेजारी, दिसायलाही सारखेच. थकलेला हात चुकीच्या खटक्यावर जायचा. त्याने एकाला छोटं चाक बसवलं, दुसऱ्याला पाचरीचा आकार दिला. हाताला न बघता फरक कळू लागला. पुढे 1947 मध्ये पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स यांनी वैमानिकांच्या 460 'चुका' तपासल्या. त्यातल्या बऱ्याचशा यंत्राच्या मांडणीतून आलेल्या होत्या.

संगणक घराघरांत शिरू लागले तेव्हा हाच विचार तिकडे गेला. 1985 मध्ये आयबीएमच्या गूल्ड आणि लुइस यांनी सांगितलं की वापरणाऱ्यांना सुरुवातीपासून समजून घ्या, त्यांच्याकडून प्रत्यक्ष करवून मोजा, मग पुन्हा बदला. 1986 मध्ये डॉन नॉर्मन आणि स्टीफन ड्रेपर यांच्या पुस्तकाने या पद्धतीचं नाव रूढ केलं. 1999 मध्ये आंतरराष्ट्रीय मानकही आलं.

पण मला याचं सर्वात जवळचं उदाहरण बेलापूरचं वाटतं, आणि तिथे संगणकाचा संबंधच नाही. नवी मुंबईची कल्पना मांडणाऱ्यांपैकी एक, वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी 1980 च्या दशकात तिथे आर्टिस्ट्स व्हिलेज ही वसाहत रचली. एका चौकाभोवती सात घरं, आणि कुणाचीही भिंत शेजाऱ्याच्या भिंतीला चिकटलेली नाही. कारण? मुलगा मोठा होईल, सून येईल, खोली वाढवावी लागेल. तेव्हा शेजाऱ्याची परवानगी न मागता वाढवता यावी, तीही गावातल्या साध्या गवंड्याकडून. राहणारा माणूस बदलत जातो, हे नकाशातच धरलेलं होतं. आज तिथे फिरलात तर कित्येक मूळ घरं पाडून मजले चढलेले दिसतात. वास्तुकलेचे चाहते हळहळतात. मला त्यात नासाडी दिसत नाही, घर वाढायला दिलं होतं आणि ते वाढलं.

बँकेतल्या त्या कागदाच्या कडा आता सुटायला लागल्यात. वॉचमनने वरून आणखी एक चिकटपट्टी लावली आहे. यंत्र बनवणाऱ्यांपैकी कुणीतरी एकदा तिथे तासभर उभं राहायला हवं.