फोटो संपादन : घरच्या संगणकावरील संथपणा

फोटो संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडायला, ब्रश उमटायला किंवा फिल्टर लागायला लागणारा, वापरणाऱ्याला जाणवेल इतका विलंब. ज्या संगणकावर ब्राउझर, टायपिंग आणि सिनेमा विनातक्रार चालतो, तोच संगणक फोटो उघडला की अडखळतो. मग खापर व्हायरसवर, नाहीतर सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीवर फुटते. बहुतेकदा दुखणे वेगळेच असते : उघडलेला फोटो डिस्कवरच्या फाइलपेक्षा कित्येक पटींनी मोठा होतो आणि रॅममध्ये, म्हणजे संगणकाच्या चालू कामाच्या स्मृतीत, मावेनासा होतो. प्रोसेसरच्या ताकदीचा प्रश्न त्यानंतर येतो.

फाइलचा आकार फसवा असतो. २४ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे ६००० गुणिले ४००० पिक्सेल, एकूण २ कोटी ४० लाख. जेपेग करून ठेवला तर तो ८-१० एमबीत बसतो, कारण जेपेगमध्ये चित्र दाबून भरलेले असते. संपादनासाठी ते पूर्ण उलगडावे लागते. दर पिक्सेलला लाल, हिरवा आणि निळा असे तीन बाइट धरले तर ७२ एमबी होतात. १६ बिटांत काम केले तर १४४. डार्कटेबल हे सॉफ्टवेअर प्रत्येक पिक्सेल ३२ बिटांच्या चार दशांश आकड्यांत धरते, म्हणजे तोच फोटो तिथे ३८४ एमबी व्यापतो. हा झाला एक थर. फोटोशॉपमध्ये लेयर, म्हणजे एकावर एक रचता येणारे असे थर, १९९४ साली आले, ३.० या आवृत्तीत, आणि तेव्हापासून मूळ फोटोला धक्का न लावता त्याच्या प्रतीवर काम करण्याची सवय सगळ्यांना लागली. सवय चांगलीच आहे, पण अशी प्रत बदलू लागली की तिला स्वतःची जागा लागते. ‘अनडू’, म्हणजे केलेला बदल मागे घेण्याची सोयसुद्धा फुकट मिळत नाही : मागे जाता यावे म्हणून बदललेल्या भागाचे जुने पिक्सेल जपावे लागतात. ब्रशचा एक फटकारा त्यात स्वस्तात सुटतो; सबंध चित्रावर लावलेला फिल्टर मात्र सबंध चित्राचीच जुनी प्रत मागे ठेवतो.

रॅम भरली की सॉफ्टवेअर डिस्कवर आपली तात्पुरती फाइल उघडते. फोटोशॉपमध्ये तिला स्क्रॅच डिस्क म्हणतात, गिम्प या संपादनाच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये स्वॅप. संथपणाचा सर्वांत मोठा वाटा इथला आहे. १६ बिटांचे दहा थर म्हणजे सुमारे १.४ जीबी. ३२०० वेगाच्या डीडीआर-४ रॅमच्या दोन पट्ट्या जोडीने बसवल्या असतील तर कागदोपत्री सेकंदाला ५१.२ जीबी वाहून नेतात, म्हणजे एवढा ऐवज डोळ्याचे पाते लवायच्या आत हलतो. एकच पट्टी असेल तर वेग निम्मा. साटा जोडणीच्या एसएसडीला त्याच कामाला अडीच-तीन सेकंद लागतात आणि सेकंदाला १५० एमबी देणाऱ्या फिरत्या हार्ड डिस्कला जवळपास दहा. अशा वेळी प्रोसेसर, रॅम आणि डिस्क किती गुंतली आहे ते दाखवणारी विंडोजची टास्क मॅनेजर ही खिडकी उघडून पाहावी. प्रोसेसर दहा-पंधरा टक्क्यांवर निवांत बसलेला दिसतो आणि डिस्कचा आकडा १०० टक्क्यांना चिकटलेला असतो. हे चित्र समोर असताना महागडा प्रोसेसर घेण्याचा सल्ला देणाऱ्याने ती खिडकी नीट वाचलेली नाही, असेच म्हणावे लागेल. शेजारी उघडे ठेवलेले ब्राउझरचे तीस टॅबही याच रॅममधला वाटा खात असतात.

काही कामे मात्र खरोखरच आकडेमोडीची आहेत. ५० पिक्सेल त्रिज्येचा ब्लर, म्हणजे चित्र धूसर करणारा फिल्टर, सरळमार्गाने काढायचा तर प्रत्येक पिक्सेलसाठी भोवतालचा १०१ गुणिले १०१ चा चौकोन, म्हणजे १०,२०१ पिक्सेल वाचावे लागतील. २ कोटी ४० लाख पिक्सेलांचा हिशेब २४ हजार कोटींच्या पुढे जातो. गाउसियन ब्लर त्यातून सुटतो, कारण तो आधी आडवा आणि मग उभा असा दोन फेऱ्यांत काढता येतो आणि पिक्सेलमागे २०२ वाचनांत भागते. नॉइज, म्हणजे चित्रातले नको असलेले दाणे, कमी करणाऱ्या अनेक फिल्टरांना ही पळवाट नाही. जास्त कोरचा, म्हणजे एकाच वेळी काम करणारे जास्त गाभे असलेला प्रोसेसर मदत करतो, पण कामाचे तुकडे पडत असतील तेवढीच. संगणक-रचनाकार जीन अॅमडाल यांनी १९६७ मध्ये मांडलेला हिशेब इथे लागू पडतो : कामाचा पाचवा हिस्सा एकामागून एकच करावा लागणार असेल, तर कितीही कोर लावले तरी वेग पाचपटीपलीकडे जात नाही.

रॉ फाइलची, म्हणजे सेन्सरने टिपलेल्या कच्च्या नोंदींच्या फाइलची, गोष्ट आणखी निराळी. बहुतेक कॅमेऱ्यांच्या सेन्सरवर ब्राइस बेयर यांनी कोडॅकमध्ये शोधलेली आणि १९७६ मध्ये पेटंट मिळालेली रंगजाळी असते. तिच्यामुळे सेन्सरचे प्रत्येक घर, म्हणजे एकेक पिक्सेल, एकच रंग टिपते. उरलेले दोन रंग शेजाऱ्यांवरून अंदाजाने भरावे लागतात. लाइटरूमसारखी सॉफ्टवेअर मूळ फाइलला हात न लावता फक्त सूचना साठवतात, म्हणून स्लायडर हलला की अनेक पायऱ्या पुन्हा चालवाव्या लागतात. स्लायडर ओढताना चित्र क्षणभर धूसर होते आणि बोट उचलल्यावर स्पष्ट होते, ते यामुळे : हाताला अडखळ जाणवू नये म्हणून आधी कमी पिक्सेलांवर काम उरकलेले असते. यातूनच एक गमतीदार तक्रार जन्माला येते. संगणक तोच, फक्त मॉनिटर नवा ४-के आणला, आणि संपादन मंदावले. फुल एचडी पडद्यावर सुमारे २०.७ लाख पिक्सेल असतात, ४-केवर ८२.९ लाख. चौपट पिक्सेल रंगवायचे काम त्याच जुन्या यंत्रावर पडलेले असते.

ग्राफिक्स कार्ड अशा एकसारख्या, सुट्या पाडता येणाऱ्या कामांसाठीच बनलेले असते. घरगुती लॅपटॉपमध्ये ते बहुधा प्रोसेसरच्याच पोटात असते आणि आधीच तंग असलेल्या रॅममधून आपला हिस्सा घेते. वेगळे कार्ड असले तरी त्याची स्वतःची स्मृती अपुरी पडली की डार्कटेबल चित्राचे तुकडे करून एकेक पाठवते आणि मिळालेल्या वेगातला काही भाग या ने-आणीत जातो. न्यूरल नेटवर्कवर चालणारी नॉइज काढण्याची साधने तर चांगल्या कार्डाशिवाय एका फोटोला मिनिटे खातात.

पातळ लॅपटॉपचा संथपणा उशिरा उगवतो. दोनशे फोटो एकदम एक्सपोर्टला लावले तर सुरुवातीचे भराभर निघतात. मग पंख्याचा आवाज चढतो, कीबोर्डच्या वरची पट्टी हाताला चटका देऊ लागते आणि प्रोसेसर स्वतःला वाचवायला आपला वेग उतरवतो. शेवटच्या फोटोंना पहिल्यांपेक्षा जास्त वेळ लागतो तो या उष्णतेपायी. लॅपटॉप गादीवरून उचलून टेबलावर ठेवला, खालच्या जाळीला हवा मिळाली, की त्यातला थोडा वेग परत येतो.