मुदत संपलेली पॉलिसी रद्दीत घालू नका

‘मुदत संपली की पॉलिसी रद्दी’ हा समज अमेरिकेत जुन्या कचरा डेपोंच्या मालकांमध्ये अजून टिकून आहे. तो चुकीचा आहे.

1980च्या सुपरफंड कायद्याने दूषित जागांच्या सफाईची जबाबदारी पूर्वलक्षी केली, म्हणजे पन्नास वर्षांपूर्वीच्या कचऱ्याचं बिल आज येतं. पण त्या काळातल्या दायित्व पॉलिसी, म्हणजे आपल्यामुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई देणाऱ्या विमा पॉलिसी, बहुतेक घटनाधारित होत्या. दावा कधी आला हे गौण, नुकसान कधी झालं ते महत्त्वाचं. डेपोतलं घाण पाणी 1968 साली भूजलात झिरपलं असेल, तर 1968ची पॉलिसी आजही कामी येऊ शकते.

मूळ प्रत हरवली? खतावणीतली हप्त्याची नोंद, वटलेला चेक, जुन्या कंत्राटाला टाचलेलं विमा प्रमाणपत्र, असे पुरावेही चालू शकतात. ते हुडकणाऱ्यांना तिकडे चक्क ‘विमा पुरातत्त्वज्ञ’ म्हणतात!

अर्थात हे घबाडही नव्हे. 1970च्या दशकात प्रदूषण ‘अचानक आणि अपघाती’ असेल तरच भरपाई, अशी अट आली. ‘अचानक’चा अर्थ प्रत्येक राज्यातलं न्यायालय आपापल्या परीने लावतं. 1986च्या नमुना पॉलिसीत, म्हणजे विमा कंपन्या वापरतात त्या सामाईक मसुद्यात, तर प्रदूषण जवळपास वगळलंच. तेव्हा कपाट उपसायचं ते त्याआधीच्या वर्षांसाठी. काही हाती लागलं, तर विमा कंपनीला लगेच लेखी कळवा. उशिरा कळवल्याच्या मुद्द्यावरही दावे अडतात.