ख्रिस्ती इतिहास आणि विचार : भारतातला पदव्युत्तर अभ्यास

मंडळीचा म्हणजे चर्चचा इतिहास, पंथांची फाटाफूट, मिशनऱ्यांचं काम आणि त्यामागचं ईशज्ञान म्हणजे थिऑलॉजी, या सगळ्याचं पदवीनंतरचं शिक्षण भारतात मुख्यतः सेमिनरींमध्ये, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या कॉलेजांमध्ये मिळतं. सरकारी विद्यापीठांत मद्रासचा ख्रिश्चन स्टडीज विभाग, म्हैसूरचं अध्यासन असे थोडेच अपवाद, बाकी ठिकाणी हा विषय इतिहास विभागातल्या एखाद्या थिसिसपुरता डोकावतो. प्रोटेस्टंट आणि ऑर्थोडॉक्स बाजूच्या बऱ्याच कॉलेजांना सेनेट ऑफ सेरामपूर या ईशज्ञानाच्या डिग्र्या देणाऱ्या संस्थेची डिग्री असते, कॅथलिक बाजूला रोमची मान्यता असलेल्या फॅकल्टी.

सेरामपूर म्हणजे बंगालमधलं हुगळीकाठचं, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातलं श्रीरामपूर नव्हे. इंग्रज मिशनरी विल्यम कॅरी, जोशुआ मार्शमन आणि विल्यम वॉर्ड यांनी 1818 मध्ये तिथं कॉलेज काढलं. तेव्हा गाव डेन्मार्कच्या ताब्यात होतं, म्हणून 1827 मध्ये डॅनिश राजा सहावा फ्रेडरिक याने डिग्री द्यायचा अधिकार सनदेने दिला आणि 1845 मध्ये गाव इंग्रजांना विकलं तेव्हा तो अधिकार करारात सांभाळून घेतला गेला. कलकत्ता, मुंबई, मद्रास ही विद्यापीठं 1857 ची, त्यामुळे ‘भारतातलं पहिलं विद्यापीठ सेरामपूर’ असं काही जण लिहितात. कागदोपत्री ते खरंय, पण सनदेवरच्या पहिल्या बी.डी. (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी) डिग्र्या निघाल्या 1915 मध्ये, तेव्हा ‘अधिकार पहिला, वापर उशिरा’ असं म्हणणं जास्त बरोबर. 1918 च्या बंगालच्या कायद्याने सेनेट बनलं आणि इतर कॉलेजं जोडली जाऊ लागली. कॅरीचा मराठीशी संबंध वेगळा सांगायला नको, फोर्ट विल्यम कॉलेजात तो मराठी शिकवायचा, त्याचं व्याकरण 1805 चं आणि कोश 1810 चा, तोही मोडी टाइपात.

कोर्सची रचना साधारण अशी की बी.डी. झाल्यावर दोन वर्षांचं एम.टीएच. (मास्टर ऑफ थिऑलॉजी), त्यात ‘ख्रिस्ती धर्माचा इतिहास’ आणि ‘ख्रिस्ती ईशज्ञान’ या वेगळ्या शाखा, पेपर आणि थिसिस, पुढे डॉक्टरेट. कॅथलिक पद्धतीत त्याच टप्प्याला लायसेन्शिएट म्हणतात. पुण्यात नगर रस्त्यावरची ज्ञानदीप ही संस्था त्यातलीच, तिच्या शेजारची पेपल सेमिनरी 1893 मध्ये श्रीलंकेत कँडीला सुरू झाली आणि 1955 मध्ये पुण्यात आली. प्रोटेस्टंट बाजूची युनियन बिब्लिकल सेमिनरी यवतमाळहून 1983 मध्ये पुण्याला आली.

आता या अभ्यासातला सगळ्यात जुना वाद, ख्रिस्ती धर्म भारतात आला कधी आणि कुठे. केरळची परंपरा येशूचा शिष्य प्रेषित थोमा याला इ.स. 52 मध्ये कोडुंगल्लूरला उतरवते. ‘थोमाची कृत्ये’ हा सिरियाक ग्रंथ बहुधा तिसऱ्या शतकातला, त्यात राजा गोंडोफारेस येतो, आणि हे नाव नाण्यांवर आणि तख्त-इ-बाहीच्या शिलालेखात सापडल्यावर ग्रंथाला एकदम वजन आलं. मात्र राजा खरा ठरला म्हणून प्रवास खरा ठरत नाही आणि तो राजा वायव्येकडचा, केरळचा नव्हे.

दुसरा धागा थेट कोकणात येतो. चौथ्या शतकातला चर्चचा इतिहासकार युसेबियस लिहितो की दुसऱ्या शतकाच्या अखेरीस अलेक्झांड्रियाचा ख्रिस्ती शिक्षक पँटेनस भारतात गेला, तर तिथल्या लोकांकडे येशूचा शिष्य बार्थोलोम्यू याने ठेवलेलं हिब्रू अक्षरांतलं मत्तयाचं शुभवर्तमान होतं. पेरुमालिल आणि जॉर्ज मोराइस हे दोघे अभ्यासक हा बार्थोलोम्यू कल्याण भागात आला असं मानतात. अडचण अशी की ग्रीक लेखक ‘भारत’ म्हणताना कधी अरबस्तान, कधी इथिओपियाही धरायचे, त्यामुळे बहुतेक अभ्यासक इथं हात आखडता घेतात.

कॉस्मास इंडिकोप्ल्यूस्टसचा पुरावा मात्र जास्त भक्कम. साधारण 550 च्या सुमाराचा हा ग्रीक प्रवासी-लेखक सांगतो की मिऱ्यांच्या ‘माले’ देशात ख्रिस्ती लोक आहेत आणि ‘कल्लियाना’ नावाच्या जागी इराणहून नेमलेला बिशप आहे. काही जण याला केरळातलं कोल्लम समजतात, कारण तिथं समाज टिकला आणि कल्याणला तसं काही जमिनीत मिळालेलं नाही. पण कॉस्मासची बंदरांची यादी नीट वाचली तर सिंदू, ओर्होथा म्हणजे बहुधा सौराष्ट्र, मग कल्लियाना, मग सिबोर म्हणजे चौल, आणि मालेची पाच बंदरं त्यानंतर वेगळी येतात. उत्तरेकडून दक्षिणेकडे जाणाऱ्या यादीत कोल्लम एवढ्या वर कसं येईल? तेव्हा कल्याणच म्हणणं सोयीचं. पुढे सातशे वर्षांहून जास्त काळ हा धागा जवळजवळ दिसत नाही, थेट 1321 मध्ये ठाण्यात फ्रान्सिस्कन संघाचे चार संन्यासी मारले गेले तेव्हा परत दिसतो, आणि त्यांच्या अस्थी न्यायला आलेला त्याच संघातला प्रवासी ओदोरिक ठाण्यात नेस्टोरियन (इराणकडच्या पूर्वेच्या चर्चमधल्या) ख्रिस्ती लोकांची 15 घरं असल्याचं लिहून ठेवतो.

या सगळ्यामुळे विद्यार्थ्याला ग्रीक, सिरियाक, लॅटिन, पोर्तुगीज यातलं काहीतरी लागतंच, आणि महाराष्ट्रावर काम करायचं तर मोडी पण. इंग्रज जेझुइट फादर स्टीफन्सचं मराठी काव्य ‘क्रिस्तपुराण’ गोव्यात राशोलला 1616 मध्ये रोमन लिपीत छापलं, पण त्या काळची छापील प्रत सापडत नाही. 1907 ची मंगळूर आवृत्ती हस्तलिखितांवरून केलेली, आणि लंडनमधलं मार्सडेन संग्रहातलं हस्तलिखित देवनागरीत. त्यामुळे मूळ पाठ नक्की कुठला, संस्कृत शब्द कवीचे की नंतरच्या लेखनिकाचे, यावर अजून एकमत नाही. अमेरिकन मराठी मिशनचे बरेच कागद हार्वर्डमध्ये आहेत, त्यांचं ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक 1842 चं, तेही वाचावं लागतं.

विसाव्या शतकात इतिहास लिहायची दिशा बदलली. 1935 च्या चर्च हिस्ट्री असोसिएशन ऑफ इंडियाने नंतर बहुखंडी इतिहास हाती घेतला, त्यात मिशनऱ्यांपेक्षा इथल्या ख्रिस्ती माणसांचा सामाजिक इतिहास लिहायचा असं ठरलं. पहिला खंड मुंदाडन यांचा, 1984 मध्ये आला, तमिळनाडू आणि ईशान्येवरही स्वतंत्र भाग निघाले. विचाराच्या बाजूला चेंचय्या, अप्पासामी, एम. एम. थॉमस या भारतीय ईशज्ञानींची नावं सिलॅबसमध्ये असतातच, आणि अरविंद निर्मल यांच्या 1981 च्या बंगलोरच्या व्याख्यानापासून दलित ईशज्ञान, म्हणजे दलितांच्या अनुभवातून मांडलेलं ईशज्ञान, सुरू झालं असं धरतात. मराठीतले बाबा पदमनजी, पंडिता रमाबाई, ना. वा. टिळक मात्र साहित्यवाले जास्त वाचतात, थिऑलॉजीवाले कमी, आणि थिसिस बहुतेक इंग्रजीतच लिहिले जातात.