डिझेल पंप (जुन्या ट्रकचा)

टाकीतील इंधन मोजून, अतिउच्च दाबाने आणि नेमक्या क्षणी प्रत्येक सिलिंडरकडे पाठविणारा पंप. कारागिरांच्या बोलण्यात ‘पंप-नोझलचे काम’ म्हटले की त्यात नोझल (सिलिंडरमध्ये इंधन फवारणारी तोटी) याखेरीज फीड पंप (टाकीतून इंधन ओढून पुढे देणारा छोटा पंप), फिल्टर आणि उच्चदाबाच्या नळ्याही येतात. ही नोंद इलेक्ट्रॉनिक नियंत्रण नसलेल्या इनलाइन पंपापुरती, म्हणजे प्रत्येक सिलिंडरसाठीचा भाग एका रांगेत असलेल्या पंपापुरती, आहे.

रूडोल्फ डीझेल यांच्या १८९७ मधील यशस्वी इंजिनात इंधन दाबलेल्या हवेने फवारले जाई. त्यासाठी लागणारा कॉम्प्रेसर अवजड असल्याने ते इंजिन रस्त्यावरील वाहनास गैरसोयीचे होते. हवेविना, केवळ द्रवदाबाने इंधन फवारण्याचे श्रेय कोणास द्यावे, याविषयी मतभेद आहेत. काही लेखक हर्बर्ट अ‍ॅक्रॉइड स्टुअर्ट यांच्या १८९० च्या एकस्वाकडे (पेटंटकडे) बोट दाखवितात; परंतु त्यांच्या इंजिनात प्रज्वलन मुख्यतः तापलेल्या कक्षामुळे होत असे आणि दाबही कमी असे, त्यामुळे आजच्या पंपाचा तो थेट पूर्वज ठरविणे अवघड दिसते. व्हिकर्स या ब्रिटिश कंपनीतील जेम्स मॅकेक्नी यांचे १९१० च्या सुमाराचे एकस्व अधिक जवळचे वाटते. ट्रकच्या दृष्टीने निर्णायक ठरले ते रॉबर्ट बॉश यांच्या कंपनीचे काम. ते १९२२ च्या अखेरीस हाती घेतले गेले आणि १९२७ मध्ये पंपाचे घाऊक उत्पादन सुरू झाले. भारतात १९५१ मध्ये बॉशच्या सहकार्याने असे पंप बनविणारी मायको कंपनी स्थापन झाली, तर १९५४ मध्ये टेल्कोने (आजची टाटा मोटर्स) डाइमलर-बेंझच्या सहकार्याने जमशेदपूर येथे ट्रकनिर्मिती सुरू केली.

पंपाचा गाभा म्हणजे ‘एलिमेंट’, अर्थात प्लंजर (दट्ट्या) आणि बॅरल (त्याचे नळकांडे) यांची जोडी. दोहोंमधील फट अवघी काही मायक्रॉन असल्याने एका जोडीचा प्लंजर दुसऱ्या बॅरलमध्ये घालता येत नाही. प्लंजरवरील तिरपी कड, तो किती फिरविला आहे त्यानुसार, इंधनाचे प्रमाण ठरविते. एलिमेंटला वंगण डिझेलचेच मिळते. म्हणूनच रॉकेलची भेसळ त्यास लवकर ओरखडते. पाणी हा दुसरा शत्रू होय. कोल्हापूरच्या दीर्घ पावसाळ्यात अर्धवट भरलेल्या टाकीत दमट हवेतील पाणी साचते आणि ते फिल्टरच्या तळाच्या स्क्रूतून वेळोवेळी काढावे लागते.

फिल्टर बदलल्यावर किंवा टाकी रिकामी झाल्यावर प्रणाली ‘एअर धरते’, म्हणजे नळ्यांत हवा अडकते. अशा वेळी फिल्टरवरील स्क्रू सैल करून हँडप्रायमर (हाताने इंधन ढकलणारा छोटा पंप) मारतात. आधी फेस येतो, मग अखंड धार आली की स्क्रू आवळतात. कमी काम करणारा नोझल शोधण्यासाठी इंजिन मंद चालू ठेवून एकेका नळीचा नट सैल करण्याची रीत आहे. ज्या नळीने आवाजात फरक पडत नाही, तेथे दोष संभवतो. फवाऱ्याखाली हात मात्र कधीही धरू नये, कारण तो त्वचेत शिरतो. काढलेल्या नोझलची सुई स्वच्छ डिझेलमध्ये धुऊन एक तृतीयांश बाहेर ओढली असता स्वतःच्या वजनाने खाली सरकली पाहिजे. अडखळल्यास नोझल बदलावा. सँडपेपरने घासणे हा उपाय नव्हे, अपायच होय.

ऑइल इंजिनांच्या कारखानदारीमुळे कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात अशा सुट्या भागांची जाण असलेले कारागीर तयार झाले. ऊसगळीत हंगामापूर्वी वाहतूकदार ट्रकची ही कामे उरकून घेतात. पंपाचे कॅलिब्रेशन (मापांची जुळणी) मात्र टेस्ट बेंचवरच, म्हणजे पंप फिरवून तपासण्याच्या यंत्रावरच, करावे लागते: प्रत्येक एलिमेंटने ठराविक फेऱ्यांत सोडलेले डिझेल काचेच्या मापनळ्यांत मोजून सर्वांचे प्रमाण समान करतात, गव्हर्नरची (इंजिनाची गती आवरणाऱ्या भागाची) कमाल गती ठरवितात आणि मगच स्क्रूला सील लावतात.