८२३ वर्षांचा ‘रेअर कोइन्सिडन्स’

‘या महिन्यात पाच शुक्रवार, पाच शनिवार, पाच रविवार. असा रेअर कोइन्सिडन्स ८२३ वर्षांतून एकदाच! पुढे पाठवा, पैसा येईल.’ कोथरूडच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर हा निरोप दर एक-दोन वर्षांनी फिरतोच. खरा वाटतो, कारण आकडा गोल नाही. कुणीतरी बसून मोजला असणार, असं वाटतं. मीही एकदा पुढे ढकलला होता.

हिशोब मात्र साधा आहे. ३१ दिवस म्हणजे चार आठवडे आणि वर तीन दिवस. त्यामुळे ३१ दिवसांच्या प्रत्येक महिन्यात पहिले तीन वार पाचदा येतात. एक तारखेला शुक्रवार असला की झालं.

स्वयंपाकघरातलं कॅलेंडर काढा, दुधाच्या खाड्यांच्या फुल्या असलेलं जुनंही चालेल. २०२१ मध्ये जानेवारी आणि ऑक्टोबर दोन्ही असेच होते. मग जुलै २०२२, डिसेंबर २०२३, मार्च २०२४, ऑगस्ट २०२५.

शिवाय आपलं इंग्रजी कॅलेंडर दर ४०० वर्षांनी वारांसकट जसंच्या तसं फिरून येतं, कारण ४०० वर्षांचे १,४६,०९७ दिवस होतात आणि त्याला सातने पूर्ण भाग जातो. म्हणजे ८२३ वर्षं वाट पाहायला लावणारा महिना असूच शकत नाही.

राहता राहिला ‘कोइन्सिडन्स’ हा शब्द. इंग्रजीत ‘शीअर’, ‘प्युअर’, ‘मिअर’ कोइन्सिडन्स म्हणतात तो आपला निव्वळ योगायोग. इथे तोही नाही, नुसता भागाकार आहे.