'शुष्क' आणि खुष्कीचा मार्ग

1453 साली तुर्कांनी कॉन्स्टॅन्टिनोपल जिंकलं आणि युरोपला आशियाशी जोडणारा खुष्कीचा मार्ग बंद पडला, हे वाक्य शाळेत आपण सगळ्यांनी घोकलंय. खुष्की म्हणजे काय, हे मात्र वर्गात कुणी विचारलं नाही. मला तर बरीच वर्षं तो 'खुशीचा' मार्ग वाटायचा.

खुष्की म्हणजे कोरडी जमीन. जहाजानं न जाता पायी, घोड्यावर, उंटावर जायची वाट ती खुष्कीची. मूळ फारसी शब्द 'खुश्क', म्हणजे कोरडा. आणि हा खुश्क आपल्या 'शुष्क'चा चुलतभाऊ.

फारसीनं संस्कृत शब्द बिघडवला, असं यावर कुणी तरी लगेच म्हणतं. तसं नाही. दोघांच्या सामायिक पूर्वजात सुरुवातीला 'स' होता. इराणी भाषांत असा 'स' 'ह' होतो: सप्तचा हप्त, सोमचा हओम. तसाच अवेस्तात, म्हणजे पारशांच्या प्राचीन धर्मग्रंथात, 'हुश्क' झाला आणि पुढे फारसीत खुश्क. संस्कृतनंही मूळ उच्चार जपला नाही. पुढच्या 'ष'च्या ओढीनं आधीचा 'स' घसरला आणि 'श' झाला. 'श्वशुर' या शब्दातही असंच घडलंय, फक्त तिथे ओढ पुढच्या 'श'ची. म्हणजे बदलले दोघेही, फक्त वेगवेगळ्या दिशांनी.

ऋग्वेदात पहिल्या मंडलाच्या 68व्या सूक्तात अग्नीला उद्देशून म्हटलंय की, देवा, तू शुष्कातून जिवंत जन्मलास. वाळक्या लाकडातून उठलेली ठिणगी! त्या वाळकेपणाला तिथे हाच शब्द आहे. पाणिनीला मात्र त्याच्यासाठी वेगळी सोय करावी लागली. गम् धातूचं 'गत' होतं, तसं शुष् धातूचं व्हायला हवं होतं, पण भाषेत रूप होतं 'शुष्क'. म्हणून 'शुषः कः' हे दोन शब्दांचं सूत्र आलं. त्याच्या लगेच पुढचं सूत्र 'पक्व'साठी आहे. सुकलेलं आणि पिकलेलं असे शेजारी शेजारी.

तिकडे इराणात सम्राट दारयवहूच्या पर्सेपोलिसच्या शिलालेखात 'कोरड्यावरचे' ग्रीक आणि 'समुद्रातले' ग्रीक अशी विभागणी आहे. कोरड्यासाठी शब्द 'उश्क'. त्याचा काळ इसवी सनापूर्वी 522 ते 486. म्हणजे आपल्या खुष्कीतला 'जमीन' हा अर्थ किमान अडीच हजार वर्षं जुना. याच कुळातला रशियन शब्द 'सुखोय', कोरडा. नाशिकजवळ ओझरला ज्या सुखोई विमानांची जुळणी होते, त्यांच्या मूळ रचनाकार संस्थेच्या संस्थापकाचं आडनाव तेच. लिथुआनियन लोक तर जानेवारीलाच 'साउसिस', कोरडा महिना म्हणतात.

मराठीत हा शब्द आणखी एका दारानं आला. प्राकृतात शुष्कचा 'सुक्क' झाला, त्यातून सुका, सुकणं, सुकट. वसईकडे किनाऱ्यावर बांबूंना बांधलेल्या दोऱ्यांवर बोंबील वाळत घालतात. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि जोडी दोरीवर टांगायची. ओला असताना हातात न ठरणारा मासा चार-सहा दिवसांच्या उन्हात काटकीसारखा होतो. त्याला शुष्क बोंबील म्हणून पाहा! शुष्क आपण ठेवलाय भाषणांना आणि त्वचेला. (सुकाळाचा मात्र या सुक्याशी संबंध नाही, तो 'सु' अधिक 'काळ'.)

पण 'सुका' आता पुरता सैलावलाय. सुकं मटण म्हणजे नुसता रस्सा नसलेलं, तेल तर त्यातून ओघळत असतं. त्यामुळे कोरडेपणाची हद्द सांगायची तेव्हा यातला एकही शब्द पुरत नाही, मराठी माणूस आवाजाकडे वळतो. पाला खडखडीत वाळतो. विहीर ठणठणीत कोरडी पडते. एप्रिलमध्ये पोहरा खाली सोडला की एरवी 'बुडुक' होतं. त्याऐवजी तळच्या खडकावर 'ठण्' वाजलं की वर दोर धरून उभ्या असलेल्या बाईला वाकून बघावं लागत नाही.

तोच 'ठणठणीत' आपण तब्येतीलाही लावतो. मला वाटतं, तिथे वाजतंय ते चीर न गेलेलं भांडं. विहीर ठणठणीत झाली की गाव टँकरची वाट बघतं, आणि त्याच गावातली नव्वदीची आजी ठणठणीत असते.